चोरीला गेलेले सत्तर सेकंद

१

पडेगावच्या पुंडलिक म्हस्क्यांच्या अंगणातून सत्तर सेकंद चोरीला गेले, तेव्हा तिथं चाळीसेक माणसं बसलेली होती आणि एकालाही चोर दिसला नाही.

हे मला खुद्द पुंडलिकभाऊंनी सांगितलं, कॅरीबॅगमध्ये गुंडाळलेला रिमोट माझ्या काउंटरवर ठेवत. शहागंजात माझं रिमोट आणि सेट टॉप बॉक्स दुरुस्तीचं दुकान आहे. त्याआधी अकरा वर्षं मी वडिलांबरोबर गल्लोगल्ली केबलच्या वायरी ओढल्या. कोणत्या घरात कोण काय बघतं, आणि बघत असूनही बघत नाही म्हणून सांगतं, हे संध्या साळवेला जितकं ठाऊक आहे तितकं पोलिसांनाही नसेल. त्यामुळे टीव्ही बिघडला की लोक येतात आणि टीव्हीपायी घरात बिनसलं तरी येतात.

रिमोट उघडून बघितला. ठणठणीत होता. तसं सांगितलं तरी भाऊ हलेनात. मग मी स्टूल पुढं सरकवलं आणि चहा सांगितला.

त्यांची मुलगी मेघा पिंजऱ्यातल्या लढती खेळते. कुस्ती, बॉक्सिंग, लाथा सगळं एकात. शिकलेले लोक त्याला एमएमए म्हणतात, पडेगावात नुसतं पिंजरा म्हणतात. अमेरिकेतल्या एका मोठ्या स्पर्धेत ती ओळीनं चार लढती जिंकली. तिकडं शनिवारची रात्र असते तेव्हा इकडं रविवारची सकाळ, म्हणून कडुनिंबाखाली टीव्ही मांडायचा, पोहे करायचे आणि गल्ली बोलवायची असा म्हस्क्यांकडं रिवाजच पडला. पहिल्या चारही लढती खेळाच्या चॅनेलवर, डिशवर दिसल्या. पाचवी, म्हणजे उपांत्य लढत मात्र फक्त एका ॲपवर होती. मेघाचा मोठा भाऊ सुयश वाळूजला कंपनीत आहे. ते ॲप त्याच्या फोनवर आधीपासून होतं, वर्गणीही भरलेली होती. ते त्यानं टीव्हीतही घेतलं, आणि तीन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी सातपासून सगळं झकास चाललं होतं. आठ वाजून गेल्यावर मेघाचं नाव पुकारलं. ती पिंजऱ्याकडं चालू लागली, आणि पडदा काळा झाला. त्यावर एकच ओळ उरली: तुमच्या खात्यावरून दुसऱ्या स्क्रीनवर पाहिलं जात आहे.

सुयशनं बटणं दाबली, ॲप अडकलं, शेवटी टीव्ही बंद करून लावला. चित्र आलं तेव्हा पंच मेघाचा हात वर करत होता. लढत सत्तर सेकंदांत आटोपली होती.

"मागं घेऊन बघितलीच असेल ना?" मी विचारलं.

"बघितली. पण ती शिळी," भाऊ म्हणाले. "मी सोळा वर्षं आखाड्यात माती खाल्ली, ताई. कोण जिंकलं ते कळल्यावर कुस्ती बघायची म्हंजी जेवण झाल्यावर भुकेची वाट बघायची. पोरगी तिथं श्वास धरून उभी असताना आपण इथं धरला पायजे."

परवाच्या रविवारी अंतिम लढत होती. ती आपल्या अंगणात, आपल्या माणसांत बसून ताजी बघायची, एवढंच त्या माणसाला हवं होतं. पासवर्ड बदलून टाका, मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. पासवर्ड बदलला तर चोर सुटेल आणि त्यांना तर नाव हवं होतं. खरं म्हणजे नाव त्यांच्याकडं तयारच होतं. पुतण्या विश्वजीत. दौलताबाद रस्त्यावर त्याचा ढाबा आहे, तिथं भिंतीएवढा टीव्ही आहे आणि पासवर्ड त्याच्याकडं आहे. भाऊंनी त्याला अंगणात पाय ठेवू नको म्हणून बजावलंही होतं.

"आणि नाव दुसरंच निघालं तर?"

"तर त्याच्या ढाब्यावर जाऊन चारचौघांत माफी मागंन," भाऊ उठत म्हणाले. "पण निघणार नाय."

२

दुपारी स्कूटी काढून मी ढाबा गाठला. विश्वजीत भट्टीजवळ उभा होता. कोण आहे आणि कशाला आले ते सांगितल्यावर त्यानं हात पुसले आणि मला पंख्याखाली बसवलं. बरं दिसत होतं त्याचं वागणं, पण ढाबेवाल्यांचं वागणं बरंच असतं, तो धंद्याचा भाग आहे.

पासवर्ड आहे, हे त्यानं लगेच कबूल केलं. त्या रविवारी वापरला नाही, असंही सांगितलं. किल्ला बघायला निघालेल्या दोन बसगाड्या नाश्त्याला थांबल्या होत्या आणि टीव्हीवर गाणी चालू होती.

"ताई, मला चोरून दाखवायचंच असतं तर सातलाच लावलं असतं," तो म्हणाला. "गिऱ्हाईक आधीच्या लढती सोडतं व्हय? बरोब्बर मेघाच्या नावाला कोण लावंल? वेळ थोडीच ठरलेली असती. आधीची लढत लवकर संपली तर लवकर, नायतर उशिरा."

हे मात्र मी मनात लिहून ठेवलं. भाऊ तीन आठवडे रागावलेले होते आणि त्या रागात घड्याळाकडं बघायचं राहून गेलं होतं.

मग तो जरा मोकळा झाला. मेघाला पहिल्यांदा जिममध्ये त्यानंच नेलं होतं, स्कूटरवर मागं बसवून, काकापासून लपवून. काकूला मात्र माहीत होतं. काकू म्हणाली होती, ने तिला, पण मला बघायला सांगू नको. आजवर काकूनं मेघाची एकही लढत बघितलेली नाही. अंगणात गल्ली गोळा होते आणि काकू आत स्वयंपाकघरात असते. काकाच्या दारात जाता येत नाही याचं त्याला खरंच वाईट वाटत होतं आणि ते तो लपवत नव्हता.

मी निघाले तेव्हा तो मागून आला. "एक राहिलं. पडदा गेला आन् लगेच मला फोन आला. अप्पारावचा. तो हसत होता."

३

अप्पाराव म्हणजे म्हस्क्यांचा शेजारी आणि माझा जुना वैरी. एके काळी पडेगावची केबल त्याची आणि शहागंजची आमची होती. एकमेकांच्या वायरी कापण्यात आम्ही जी मेहनत घेतली ती अभ्यासात घेतली असती तर दोघंही कलेक्टर झालो असतो. आता त्याच्या गच्चीवर डिशच्या तीन गंजक्या छत्र्या उरल्या आहेत आणि तो त्यांना रविवारी फडक्यानं पुसतो.

मी तशीच त्याच्या गच्चीवर गेले, तेव्हा ॲपचा धंदा फसला म्हणून हसलो, असं त्यानं सरळ सांगितलं. पुंडलिकला तो आधीच म्हणाला होता की डिशच बरी, ॲपबिप ऐन वेळेला दगा देतं. पण त्या पोरीचं वाटोळं त्याला नको होतं. तिच्या पहिल्या विजयाला त्यानं गच्चीवरून फटाके लावले होते.

"पडदा गेला तेव्हा कुठं होतास?"

"इथंच. छत्री पुसत होतो. मेघाचं नाव पुकारलेलं आलं कानावर. मग सगळं गप झालं." तो थांबला आणि कान खाजवू लागला. "तुला सांगतो, पण हसायचं नाय. टीव्ही तर बंद पडला होता. तरी मला आवाज येत होता. इंग्रजीतली बडबड, टाळ्या, ती घंटा. बारीक आवाज, डब्यात कोंडल्यावानी."

"कुठून?"

त्यानं बोट खाली केलं. ते अंगणाकडं नव्हतं. म्हस्क्यांच्या घराच्या मागच्या खिडकीकडं होतं.

४

त्या खिडकीच्या आत काय आहे ते बघायला शनिवारी सकाळी मी म्हस्क्यांकडं गेले. दार मेघाच्या आईनं, सत्यभामावहिनींनी उघडलं. बारीक चणीची, हसऱ्या डोळ्यांची बाई. भाऊ पेरूच्या बागेत गेले होते. वहिनींनी मला थेट आतच नेलं. मागच्या बाजूला स्वयंपाकघर, त्याच्या कोपऱ्यात देव्हारा आणि त्याच्यावर ती खिडकी.

देव्हाऱ्यात देव नव्हते. गंधाचे वाळलेले ठिपके तेवढे जागेवर होते आणि पुढं तांब्याचं पातेलं झाकून ठेवलेलं होतं. आमच्याकडं बुद्धाची मूर्ती असते, देव्हारा नसतो, त्यामुळे घासायला काढले असतील असं समजून मी नजर वळवली. बाजूच्या स्विचबोर्डातून एका चार्जरची पांढरी वायर लोंबत होती. तिच्या टोकाला काहीच नव्हतं.

वहिनींनी भाकरी थापता थापता मला बोलतं ठेवलं. मी विचारलं, लढती बघता का हो तुम्ही? त्या म्हणाल्या, एक पण नाय. पोरीला मार बसताना बघवत नाय, आणि फोनबिन तर आपल्याला कळतच नाय.

"काळजी वाटत असेल."

"वाटती ना. सारखं सांगते, वेण्या आवळून घाल म्हणून. पहिल्या खेपेला डावी वेणी सुटून पार खांद्यावर आली होती."

मी चहाचा घोट घेतला.

तेवढ्यात रात्रपाळी करून सुयश आला. त्याला ओसरीवर गाठून विचारलं तर त्याचा चेहराच पडला. त्यानं पासवर्ड कंपनीतल्या दोन मित्रांना दिला होता. तेच असतील या भीतीनं तीन आठवडे त्याला जेवण गोड लागत नव्हतं. मी म्हटलं, भीती राहू दे, ॲप उघड.

असल्या ॲपमध्ये कोण काय बघतं याची यादी राहते, आणि जे जिथपर्यंत बघितलं तिथपर्यंत लाल रेघ असते. आमच्या केबलच्या काळात ही सोय असती तर गावात निम्मी लग्नं मोडली असती. यादीत मेघाची पहिली लढत होती. डिशवर लागून गेलेली, आता ॲपवर साठवलेली. ती पुन्हा पुन्हा बघितलेली होती, आणि दर वेळी फक्त शेवटचे चाळीस सेकंद. आम्ही ती लावली. पंचानं मेघाचा हात वर केला. डावी वेणी सुटून खांद्यावर आली होती.

मग मी त्याला खात्याला जोडलेल्या यंत्रांची यादी काढायला लावली. टीव्ही होता, त्याचा फोन होता आणि तिसरा एक फोन होता. त्याच्यापुढं त्या रविवारची सकाळ, आठ वाजून चार मिनिटं, असं लिहिलेलं होतं.

"हा मेघाचा जुना फोन," सुयश चक्रावून म्हणाला. "तो तर तिनं अमेरिकेला नेला."

मी त्याच ओळीतला पुढचा शब्द त्याला दाखवला. तिथं आपल्याच शहराचं नाव होतं.

५

संध्याकाळी मी सगळ्यांना कडुनिंबाखाली बसवलं. अप्पाराव आला. विश्वजीत फाटकाबाहेरच थांबला होता, त्याला भाऊंनी नाइलाजानं मानेनं आत बोलावलं. सुयश भिंतीला टेकून उभा होता आणि वहिनी दाराच्या चौकटीत होत्या. मला त्यांच्याकडं बघायचं नव्हतं. खरं सांगायचं तर दुपारपासून मी वाट काढत होते की विश्वजीत सुटावा आणि नावही सांगावं लागू नये.

"भाऊ," मी म्हणाले, "तुमच्या चोरानं मेघाची लढत चोरलीच नाही. त्या वेळी दुसऱ्या पडद्यावर तिची पहिली लढत चालली होती. जुनी. तीही नुसता शेवट, हात वर करतात तेवढा. ढाब्यावरचं गिऱ्हाईक किंवा कंपनीतली पोरं ताजी लढत सोडून जुन्या लढतीचा शेवट कशाला बघतील?"

भाऊंच्या कपाळावर आठी पडली. मी पुढं गेले. पडदा गेला तो बरोब्बर मेघाच्या नावाला. ज्यानं फोन लावला त्याला ते नाव कानानं ऐकू आलं होतं, म्हणजे माणूस टीव्हीच्या आवाजाच्या टप्प्यातला होता, पण अंगणात नव्हता. टीव्ही बंद पडल्यावरही अप्पारावला घराच्या मागच्या खिडकीतून आवाज ऐकू आला. आणि आधीच्या चार लढतींना काही झालं नाही, कारण तेव्हा टीव्ही डिशवर चालत होता. ॲपवर आल्यावर टीव्ही आणि फोन एकाच खात्यात आले, आणि त्या वर्गणीत एका वेळी एकच पडदा चालतो. ज्यानं हे केलं त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"तो माणूस दर लढतीला हेच करत आलाय," मी म्हणाले. "त्याला लढत बघायचीच नाही. पोरगी जिंकलेली तेवढी बघायची आहे. आता नाव कळलंच पाहिजे का, भाऊ?"

कोणी बोलायच्या आत चौकटीतून वहिनी आत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या एका हातात झाकलेलं तांब्याचं पातेलं होतं आणि दुसऱ्या हातात कोपरा फुटलेला फोन. दोन्ही त्यांनी नवऱ्यासमोर ओट्यावर ठेवलं. पातेल्यात पाणी होतं आणि पाण्यात घरचे सगळे देव होते.

"पोरगी जाताना मला देऊन गेली हा. शिकवून गेली कसा लावायचा," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या लढतीला मी देव पाण्यात घातले. तरी जीव थाऱ्यावर नव्हता, म्हणून तिची जिंकलेली लावली. ती जिंकली. तिसरीला लावली, जिंकली. मंग काय सोडायचं होतं व्हय? तुमचा टीव्ही माझ्यानं बंद पडला ते आज कळतंय मला. मला वाटलं, फोन माझा आन् टीव्ही तुमचा."

देव पाण्यात घालून बसणं हे मी निवडणुकीच्या बातम्यांत शंभरदा वाचलं होतं. खरोखरचं पातेलं त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

भाऊंनी वाकून पाण्यातल्या देवांकडं बघितलं. "तीन आठवडे बोलली नायस तू," ते म्हणाले.

"काय बोलू? बघणार नाय म्हणून शपथ घेतलेली मी. आन् विश्वजीतवर आळ आला तेव्हा मला ठावं असतं तर गप बसले असते का?"

यावर भाऊंनी चप्पल घातली, विश्वजीतच्या स्कूटरवर मागं बसले आणि त्याच्या ढाब्यावर जाऊन, जेवायला बसलेल्या गिऱ्हाइकांसमोर, त्याची माफी मागितली. विश्वजीत म्हणत होता, काका इथंच मागा की. पण शब्द ढाब्याचा दिलेला होता.

वर्गणीचं काम सोपं होतं. सुयशनं दोन पडद्यांची घेतली. आता अंगणात टीव्ही चालला असता आणि आत वहिनींचा फोनही.

६

रविवारी मी दुकान उशिरा उघडायचं ठरवलं. अंगणात पन्नासच्या वर माणसं होती. पहिल्या रांगेत भाऊ, त्यांच्या शेजारी विश्वजीत, आणि गच्चीवरची छत्री सोडून खाली आलेला अप्पाराव. मेघाचं नाव पुकारलं आणि सगळे पडद्याकडं न बघता एकमेकांकडं बघू लागले. पडदा गेला नाही. आतून बारीक घंटा ऐकू आली आणि भाऊ मिशीत हसले.

पहिली फेरी मेघाची होती. दुसऱ्या फेरीत समोरच्या मुलीनं तिला खाली घेतलं आणि वर बसून ठोसे लावायला सुरुवात केली. अंगणात एकाचाही आवाज निघेना. आणि त्या शांततेतच वहिनी बाहेर आल्या, हातात बंद केलेला फोन घेऊन.

त्या टीव्हीकडं आल्या, पण बसल्या पाठ करून. पडद्याला पाठ आणि तोंड आमच्याकडं. पन्नास माणसांच्या तोंडांवरून त्या आपल्या पोरीची लढत बघू लागल्या. आमच्यापैकी कोणी डोळे मिटले की त्यांची मूठ आवळायची.

"सुटंल ती," भाऊ म्हणाले. पडद्यावरची नजर त्यांनी हलवली नव्हती, पण बोलत होते ते बायकोशी. "गुडघा आत घातलाय तिनं. आता कूस बदलंल बघ. बदलली. उठली, उठली ती."

"वेणी?" वहिनींनी विचारलं.

"आवळलेली हाय."

तिसरी फेरी त्यांनी तशीच सांगितली, हळू आवाजात, एकेक डाव. त्या फेरीत मार बसला तो समोरच्या मुलीला. निकाल पंचांच्या गुणांवर गेला. मेघाचा हात वर गेला तेव्हा वहिनींना ते आमच्या तोंडांवर आधी दिसलं. भाऊ रडत होते आणि पुसतही नव्हते. विश्वजीत अप्पारावच्या गळ्यात पडला होता, जो माणूस त्याला एरवी चहाही पाजत नाही.

वहिनी उठल्या, आत गेल्या, देव पुसून जागेवर ठेवून आल्या. मग टीव्हीकडं तोंड करून, पदर नीट करून, पहिल्या रांगेत भाऊंच्या शेजारी बसल्या.

"आता पहिल्यापासून लावा," त्या म्हणाल्या. "मला बघायची हाय."

भाऊंनी कॅरीबॅगमधून रिमोट काढला. मला राहवलं नाही. शिळं आहे हो भाऊ, मी म्हणाले, चालेल का?

"चालंल," ते म्हणाले. "आज घरची सगळी पंगतीला बसलीत."